सिडनी, फक्त दोघं, दोन रात्री तीन दिवस, प्लॅन बघून सांगा प्लीज

दोनडोकी

नमस्कार मंडळी,

आम्ही मेलबर्नला राहतो, पाच वर्षं झाली, पण सिडनी अजून बघितलेलं नाही. म्हणजे मी ऑफिसच्या कामाने दोनदा जाऊन आलोय पण ते विमानतळ, टॅक्सी, मीटिंग रूम, परत विमानतळ, त्याला जाणं म्हणत नाहीत. सध्या आईबाबा आलेत आणि आई स्वतःच म्हणाली की जा रे दोघं कुठेतरी, लेकाला आम्ही बघतो. लेक साडेतीन वर्षांचा आहे आणि तो झाल्यापासून आम्ही दोघंच असे भाजी आणायलासुद्धा धड गेलेलो नाही, त्यामुळे आई पुढे काही बोलायच्या आत मी तारखा ठरवून टाकल्या, 28 ते 30 ऑगस्ट, शुक्रवार ते रविवार. तिकिटं अजून काढली नाहीयेत.

प्लॅन असा आहे. शुक्रवारी सकाळी साडेनऊला उतरायचं, सामान टाकून ऑपेरा हाउसची टूर, दुपारी हार्बर ब्रिजवर चढायचं ते क्लाइंब असतं ते, रात्री डिनर क्रूझ. शनिवारी पहाटे उठून ब्लू माउंटन्स, संध्याकाळी परत येऊन डार्लिंग हार्बर. रविवारी सकाळी बाँडाय, मग टरोंगा झू, तिथून मॅन्ली, आणि रात्री साडेनऊची फ्लाइट. एक्सेल शीट बनवलंय, अर्ध्या अर्ध्या तासाचं. बायकोला दाखवलं तर तिने दोन मिनिटं स्क्रोल केलं आणि म्हणाली "हे कोण करणारे, तू आणि शीट?"

तर प्रश्न असे की हे खरंच जास्त होतंय का, क्लाइंबचे पैसे वसूल होतात का, राहायचं कुठे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बायकोला बोट लागते (मुरुड जंजिऱ्याला शिडाच्या होडीत जे झालं होतं ते इथे लिहीत नाही) तर क्रूझचं काय करू.

सिडनीकर_आज्जी

अरे बाळा, बायकोचं ऐक.

आधी तारखेचं बोलते कारण बाकी सगळं त्यावर आहे. ऑगस्टचा शेवटचा रविवार म्हणजे आता इथली मॅरेथॉन असते. 2025 पासून ती जगातल्या मोठ्या मॅरेथॉनांमधली सातवी झाली, तेव्हापासून बाहेरून येणाऱ्यांची नुसती रीघ लागते. धावणारी मंडळी ब्रिजवरूनच जातात आणि शर्यत संपते ऑपेरा हाउसपाशी, म्हणजे तुम्ही जिथे जिथे जाणार त्या सगळ्या रस्त्यांवर त्या सकाळी बॅरिकेड्स. हॉटेलवाले त्या वीकएंडला काय भाव लावतात ते बघ एकदा. पळायचं असेल तर ये, नाहीतर एक आठवडा मागेपुढे कर.

दुसरं म्हणजे रविवारची रात्री साडेनऊची फ्लाइट. मेलबर्नला रात्रभर विमानं उडतात म्हणून तुमच्या डोक्यात येत नाही, पण सिडनीला रात्री 11 ते सकाळी 6 कर्फ्यू आहे विमानांना. रविवारी संध्याकाळी गर्दी असते, एकामागे एक उशीर होत जातो, आणि शेवटची विमानं त्या अकराच्या रेषेला टेकली की रद्द होतात. मग तुम्ही रात्री विमानतळावर, लेक तिकडे आजीकडे रडतोय आणि सोमवारी ऑफिस. सहा-साडेसहाची घे.

आता ब्लू माउंटन्स. सेंट्रल स्टेशनहून कटूंबाला (तिथलं मुख्य गाव) ट्रेनने एका बाजूचे दोन तास लागतात. जाऊन येऊन चार, वर तिथलं फिरणं. अठ्ठेचाळीस तासांच्या सुट्टीतला अख्खा दिवस त्यात जातो. डोंगर खूपच सुंदर आहेत, नाही म्हणत नाही, पण ते लेकाला घेऊन कारने कराल तेव्हा. वीकएंडला रेल्वेची दुरुस्ती काढायची इथे जुनी खोड आहे, भरवशाने गेलात तर अर्ध्या वाटेत बसमध्ये बसवतील.

राहता राहिलं जेवण. बोटीवरचं जेवण करू नका. आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला मुलांनी हौसेने काढून दिली होती एक डिनर क्रूझ, नाव घेत नाही, काचा बंद, बाहेर अंधार, काचेत आपलंच तोंड दिसतंय आणि पुढ्यात गार झालेला बटाटा. तेवढ्या पैशात जमिनीवर बसून, पाण्याकडे बघत, दोनदा जेवाल.

कोकणी_खलाशी

आज्जींना +1, सगळ्या मुद्द्यांना.

बोटीबद्दल मी लिहितो कारण माझा रोजचा प्रवासच फेरीचा आहे, आणि माझं मत स्पष्ट आहे की सिडनी बघायचं असेल तर साध्या सरकारी फेरीतून बघायचं, बाकी सगळं त्यानंतर. क्रूझवाले जे दाखवतात तेच ती दाखवते, फरक एवढाच की आजूबाजूला ऑफिसहून घरी जाणारी माणसं असतात, बूट काढून पाय पसरून बसलेली, आणि तुमच्या उजव्या हाताला ऑपेरा हाउस मागे सरकत असतं तेव्हा त्यातलं एकही मान वर करून बघत नाही. पहिल्या दिवशी मला राग यायचा त्यांचा, आता मीही बघत नाही.

बोट लागण्याचं असं आहे. हार्बरच्या आत पाणी तळ्यासारखं असतं, काही होत नाही. वॉटसन्स बेला जाणारी, कोकाटू आयलंडला जाणारी, मिल्सन्स पॉइंटची, ह्या सगळ्या आतल्या आत फिरतात. फक्त मॅन्लीची फेरी हार्बरच्या तोंडासमोरून जाते, तिथे नॉर्थ हेड आणि साउथ हेड ह्या दोन कड्यांच्या मधून थेट समुद्राच्या लाटा आत येतात, तेवढी काही मिनिटं बोट डोलते. कधी नुसतं झोपाळ्यासारखं, कधी चांगलंच. त्या वेळेला बोटीच्या मध्यभागी, खालच्या डेकवर, बाहेरच्या हवेत बसायचं आणि नजर लांब किनाऱ्यावर ठेवायची, फोनमध्ये नाही. समुद्र फारच खवळला तर फेरी रद्द करून बस लावतात, म्हणून मॅन्ली एकाच दिवसाला बांधून ठेवू नका, शुक्रवार किंवा शनिवार, ज्या दिवशी वारा कमी तो दिवस.

आणि मॅन्लीला जाताना सर्क्युलर कीच्या (शहरातलं फेऱ्यांचं मुख्य ठिकाण, इथे नुसतं 'की' म्हणतात) 3 नंबरच्या धक्क्यावरून जाणारी मोठी फेरी घ्या, अर्धा तास लागतो. शेजारून खाजगी कंपनीची फास्ट वाली सुटते, ती दहाएक मिनिटं वाचवते पण तिचं तिकीट वेगळं पडतं आणि ती दहा मिनिटं वाचवून तुम्ही काय करणार आहात? त्या मोठ्या हिरव्या-पिवळ्या बोटी 1982 ते 88 मधल्या आहेत, दोन्ही टोकं सारखीच, त्यामुळे बोट वळतच नाही, गेली तशी उलटी परत येते. मला अजून गंमत वाटते त्याची.

पैशांचं. तुमचं मेलबर्नचं प्रवासाचं मायकी कार्ड इथे चालणार नाही पण इथलं वेगळं ओपल कार्डही काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड किंवा फोन टॅप करायचा. दोघांनी आपापलं वापरायचं, एका कार्डावर दोघं जात नाहीत, आणि सकाळी फोन दुपारी कार्ड असं करू नका, ती मशीनला दोन वेगळी माणसं वाटतात आणि दिवसाची मर्यादा लागू होत नाही. ही मर्यादा शुक्रवार ते रविवार निम्मी असते, म्हणजे ती एकदा गाठली की पुढे दिवसभर फेरी, ट्रेन, बस सगळं फुकट. तुमचे तीनही दिवस त्यातच येतायत, हे एक एक्सेलमध्ये टाकायला हरकत नाही.

फक्त विमानतळाच्या स्टेशनचा अधिभार त्या मर्यादेत येत नाही. माणशी सतरा-अठरा डॉलर, प्रत्येक वेळी. टर्मिनलसमोरून 420 नंबरची बस मॅस्कॉट स्टेशनला जाते, तिथून ट्रेन घेतली की हा भुर्दंड नाही. मी एकटा असलो की हेच करतो. बायको बरोबर असली की गपचूप अधिभार भरतो.

उंटावरचा_शहाणा

काय हे, सिडनीला जाऊन फेरीत बसा आणि बटाटा खाऊ नका, एवढंच? माणूस आयुष्यात एकदा जातो तिथे (मेलबर्नहून दीड तास आहे हो, पण तरी). क्लाइंब करा की. वरून 134 मीटर, पाण्यापासून. मी केलंय. तीनेक तास जातात, तो राखाडी सूट घालतात, दारू प्यायलाय का ते फुंकून बघतात, कमरेला पट्टा आणि तो तारेला अडकवलेला, आणि फोन, कॅमेरा, घड्याळ काही म्हणजे काही वर न्यायचं नाही. फोटो तेच काढतात. पण खरं सांगू, हातात फोन नसलेली आपली बायको सलग तीन तास आपल्याशीच बोलतेय हे मी लग्नानंतर पहिल्यांदा अनुभवलं.

आणि भूक लागली तर हॅरिस पार्कला जा, अस्सल आपलं जेवण मिळतं.

सिडनीकर_आज्जी

हॅरिस पार्क परामाटाला आहे, पाऊण तास लांब. डोसा खायला तिथवर जायचं असेल तर त्यांनी मेलबर्नलाच थांबावं. शहाण्या, तू उंटावरून उतर.

क्लाइंब ज्याला हौस आहे त्याने करावा पण ब्रिजवरून चालत जाणं फुकट आहे हे कोणी सांगतच नाही. पूर्वेच्या बाजूने पायवाट आहे (पश्चिमेची सायकलवाल्यांची), रॉक्स ह्या पुलाच्या पायथ्याशी असलेल्या जुन्या भागातल्या कंबरलँड स्ट्रीटवरून जिना चढायचा, आणि निवांत चालत पलीकडे मिल्सन्स पॉइंटला उतरायचं, अर्धा तास. मध्ये दक्षिणेकडच्या खांबात पायलन लुकआउट आहे, 200 पायऱ्या, त्याला क्लाइंबच्या मानाने किरकोळ तिकीट आहे आणि फोन चालतो. पूल कसा बांधला तेही आत लावलंय. 1932 साली उघडला, दोन्ही किनाऱ्यांवरून कमानीचे हात वाढवत आणून मध्ये जुळवले आहेत, ते फोटो बघितले की पोटात गोळा येतो.

पलीकडे उतरलात की लगेच परत फिरू नका. ल्यूना पार्कच्या मागे लॅव्हेंडर बेच्या काठावर वेंडी व्हाइटली यांची बाग आहे. नवरा, चित्रकार ब्रेट व्हाइटली, 1992 ला गेला आणि दुःखात ही बाई घरासमोरच्या रेल्वेच्या पडीक जागेतला कचरा उपसायला लागली. जागा तिची नव्हती, कोणाला विचारलंही नव्हतं. त्याची आज ही बाग आहे, लाकडी पायऱ्या, मोठाल्या अंजिराच्या झाडाखाली टेबलं, आणि फांद्यांतून दिसणारा पूल. तिकीट नाही, गेट नाही. आमच्या ह्यांना गुडघ्यामुळे आता उतरवत नाही, पण पूर्वी आम्ही रविवारी डबा घेऊन जायचो. ती जागा दोघांनीच जायची आहे, मुलं तिथे कंटाळतात.

रात्रपाळी

राहण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. मी हॉटेलात काम करते (कुठल्या ते नाही सांगत). रॉक्स आणि सर्क्युलर कीला राहिलात तर खिडकीतून सगळं दिसतं पण त्या खिडकीचेच पैसे असतात, आणि "पार्शियल हार्बर व्ह्यू" लिहिलेलं असलं तर समजा की बाथरूमच्या काचेतून मान तिरकी करून पुलाचा एक तुकडा दिसतो. सेंट्रलच्या बाजूला स्वस्त पडतं पण तुम्ही तिथे फक्त झोपायला जाणार.

मी म्हणेन नॉर्थ सिडनी किंवा मिल्सन्स पॉइंट बघा. तिकडची हॉटेलं सोमवार ते गुरुवार ऑफिसवाल्यांनी भरलेली असतात, शुक्रवार-शनिवारी रिकामी, म्हणून भाव उतरतात, बाकी गावाच्या बरोब्बर उलटं. ऑगस्ट 2024 पासून मेट्रो हार्बरच्या खालून जायला लागलीय, नॉर्थ सिडनीच्या व्हिक्टोरिया क्रॉस स्टेशनहून शहरातलं मार्टिन प्लेस काही मिनिटांत, ड्रायव्हरच नाही गाडीला, सगळ्यात पुढच्या काचेपाशी उभं राहता येतं. आणि मिल्सन्स पॉइंटच्या धक्क्यावरून फेरी पकडली तर पुलाखालून जाऊन समोरच्या कीला, तेवढ्यात ऑपेरा हाउसचा सगळ्यात चांगला फोटो मिळून जातो.

शेवटच्या दिवशी चेकआउट करून बॅगा रिसेप्शनलाच ठेवा, कुठलंही हॉटेल ठेवतं, बिनधास्त विचारा. आणि बुकिंग करताना लिहा की मुलाशिवाय पहिल्यांदा येतोय. दर वेळेला काही मिळेलच असं नाही पण आम्ही वाचतो ते.

ऑपेरा हाउसच्या टूरपेक्षा एखादा कार्यक्रम बघा असं माझं मत. टूर तासाभराची असते, गोष्टी छान सांगतात, 70 लाखांत होईल म्हणाले आणि 10 कोटी 20 लाख डॉलर लागले, ज्याने डिझाइन केलं तो उट्झन 1966 मध्ये भांडण होऊन निघून गेला आणि 1973 ला ते उघडलं तेव्हाच काय, नंतरही कधी परत आलाच नाही. पण आत बसून काहीतरी ऐकणं वेगळं. स्वस्तातली सीटं असतात, कपड्यांचंही काही नाही, जीन्स चालते. वेळेवर मात्र जा, एकदा दारं लावली की मध्यंतर किंवा मधला ब्रेक होईपर्यंत घेत नाहीत. मध्यंतरात बाहेरच्या गॅलरीत उभं राहायचं, पाणी बरोबर पायाखाली असतं.

दोनडोकी

बापरे, एवढं सगळं! आज्जी, मॅरेथॉनचं सांगून वाचवलंत, हॉटेलचे भाव बघून मला वाटत होतं की सिडनी असंच महाग असतं. आठवडाभर पुढे ढकलणार होतो तर बायकोने आठवण केली की सप्टेंबरचा पहिला रविवार म्हणजे इथला फादर्स डे, लेकाने डेकेअरमध्ये काहीतरी गुपचूप बनवायला घेतलंय म्हणे, त्यामुळे एक आठवडा आधी, 21 ते 23. संध्याकाळी 6 ची परतीची फ्लाइट. ब्लू माउंटन्स, झू, क्रूझ तिन्ही काढून टाकले. शीटमध्ये आता फक्त सहा ओळी उरल्यात, मोकळं मोकळं वाटतंय आणि थोडी भीतीपण वाटतेय की दोघं करणार काय दिवसभर.

बाँडाय ठेवू का काढू? आणि सूर्यास्त कुठून?

कोकणी_खलाशी

बाँडाय ठेव, पण नुसत्या वाळूवर जाऊन यायचं नाही. बाँडाय ते कूजी किनाऱ्याकिनाऱ्याने सहा किलोमीटरची वाट आहे, चढउतार आहेत, अडीच तास धरा. पाय दुखले तर ब्राँटीलाच बस पकडून परत. ऑगस्टमध्ये समुद्रात पाय बुडवले की कळ जाते डोक्यात, पण चालायला हवा एक नंबर, आणि ह्या दिवसांत व्हेल परत दक्षिणेकडे निघतात, कड्यावरून दिसले तर दिसले.

तेवढं चालायचं नसेल तर वॉटसन्स बे. फेरीने जा, कॅम्प कोव्हवरून साउथ हेडच्या टोकापर्यंत छोटीशी पायवाट, टोकाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं 1858 सालचं हॉर्नबी लाइटहाउस. एकीकडे खुला समुद्र आणि दुसरीकडे लांबवर शहर. वाटेत खाली लेडी बे नावाचा बीच लागतो, तिथे कपडे घालायची सक्ती नाहीये. मी माझ्या सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा मला कोणी हे सांगितलेलं नव्हतं.

सूर्यास्त बोटॅनिक गार्डनला लागून असलेल्या मिसेस मॅक्वारीज चेअरवरून, ऑपेरा हाउस आणि पूल एका रेषेत आणि सूर्य त्यांच्या मागे. ऑगस्टमध्ये साडेपाचच्या सुमारास मावळतो, मेलबर्नपेक्षा वीसेक मिनिटं आधीच, पाचला जागा धरून बसा. बोटॅनिक गार्डनची दारं अंधार पडता पडता बंद होतात, म्हणून परत येताना बागेतून नाही, रस्त्याने या.

उंटावरचा_शहाणा

फिश अँड चिप्स घेऊन धक्क्यावर बसलात तर सीगलकडे पाठ करू नका. माझ्या हातातला अख्खा मासा नेला. तोंडातून नेला म्हटलं तरी चालेल.

दोनडोकी

परत आलो. लगेच लिहायचं म्हणून बसलोय, कपडे मशीनमध्ये आहेत.

शुक्रवारी वारा होता त्यामुळे मॅन्ली शनिवारवर टाकलं, आणि पूल चालून वेंडीबाईंच्या बागेत गेलो. तिथे टेबलापाशी बसलो आणि बायको म्हणाली पाच मिनिटं डोळे मिटते, ती दीड तास झोपली. बाकावर, माझ्या जॅकेटवर डोकं ठेवून. मी शीट उघडलं, बंद केलं, आणि नुसता बसून राहिलो. सूर्यास्त हुकला.

ऑपेरा हाउसला रात्री सिंफनीची तिकिटं मिळाली, मागच्या रांगेतली. मला त्यातलं काही कळत नाही पण समोर तो ऑर्गन, दहा हजारांवर पाइप आहेत म्हणे, आणि सगळी माणसं एकदम श्वास घेतात ते ऐकू येतं. मध्यंतरात गॅलरीत गेलो. लेकाला व्हिडिओ कॉल लावला तर तो आजोबांना घोडा करून बसला होता, आमच्याशी बोलायला वेळ नव्हता.

शनिवारी मॅन्ली. खालच्या डेकला, मध्यभागी, बाहेर, खलाशीभाऊंनी सांगितलं तस्सं. हेड्सच्या समोर आलो आणि बोट डोलायला लागली, मी खिशातली पिशवी काढून तयार ठेवली, बायकोने रेलिंग पकडलं, किनाऱ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. काही झालं नाही तिला. मलाच थोडं मळमळलं, पण ते लिहू नको म्हणाली नाही म्हणून लिहितोय.

रविवारी बाँडायला जायचं होतं. सकाळी कीपाशी आलो, बसच्या स्टॉपकडे वळलो तर ही मागेच उभी, 3 नंबरच्या धक्क्याकडे बघत. म्हटलं अगं कालच जाऊन आलो की. तर म्हणे हो, पण काल मी घाबरून किनाराच बघत होते, ऑपेरा हाउस बघायचं राहिलं. गेलो परत. मॅन्लीला उतरलो, टॅप केलं, दहा मिनिटांत पुन्हा टॅप करून त्याच बोटीत बसलो. बोट वळली नाही, खरंच.